साने गुरुजी : छात्रालयापासून पंढरपूरपर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

साने गुरुजी म्हटले की 'श्यामची आई' आठवते. शाळेत असताना आपण सर्वांनीच त्यातला एखादा धडा वाचलेला असतो आणि वाचताना डोळे पुसलेले असतात. पुढे महाविद्यालयात आलो की त्याच डोळे पुसण्याची आपल्याला लाज वाटू लागते. गुरुजी म्हणजे लहान मुलांचे लेखक, हळवे, भाबडे, असे म्हणून आपण मोकळे होतो. वक्तृत्वस्पर्धेत टाळ्या घेण्यापुरते त्यांचे नाव घेतो आणि नंतर विसरतो.

या लेखात त्या श्यामविषयी मला थोडेच सांगायचे आहे. मला सांगायचे आहे ते अमळनेरच्या एका वसतिगृहात राहणाऱ्या तरुण शिक्षकाविषयी. वय चोवीस-पंचवीस, अंगावर खादीचे कपडे, स्वभाव अतिशय लाजाळू. या माणसाने पुढे तेवीस वर्षांनी पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडायला लावले. त्यासाठी त्याने जी साधने वापरली, म्हणजे लेखणी, गोष्ट, गाणे, भाषण आणि स्वतःचे शरीर, ती सारी त्याने त्या वसतिगृहातच हाताळून पाहिली होती. चरित्रकार बहुधा छात्रालयाचे प्रकरण थोडक्यात आटोपून तुरुंगाकडे वळतात. मला मात्र वाटते की खरी गोम तिथेच आहे. मी स्वतः वसतिगृहात राहते, म्हणूनही कदाचित तसे वाटत असेल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. गाव दापोली तालुक्यातले. घराणे खोताचे, पण वाड्याचे वासे फिरले होते. कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत मालमत्ता गेली, घरावर जप्ती आली, आणि खोताच्या मुलाने गरिबी अंगावर घेतच शिक्षण केले. दापोलीची मिशन शाळा, मग औंध संस्थान, तिथे प्लेगची साथ आली म्हणून पुण्याचे नूतन मराठी विद्यालय अशी त्यांची शाळा गावोगाव झाली. हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून ते शिकले. १९१७ साली आई गेली तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता, शेवटची भेट झाली नाही. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, १९२२ साली बी. ए. झाले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरला आले. तिथे प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले होते. एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. प्रताप हायस्कूल या नावाने पुढे ती ओळखली गेली.

काही काळाने शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहत. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेली, कोणी श्रीमंताघरचे, कोणी फी भरायला पैसे नसलेले. अशा वसतिगृहात शिस्त कशी लावतात हे आपल्याला सांगायला नको. नियमांची पाटी लागते, दंड होतो, घरी पत्र जाते. गुरुजींनी पाटी लावली नाही. मुले शाळेत गेली की हे गृहस्थ त्यांच्या खोल्यांत जात, पसारा आवरत, केर काढत, कोणाचे मळलेले कपडे धुऊन वाळत घालत. मुले परत येत तो खोली लख्ख! पहिल्याने मुलांना गंमत वाटली असेल. मग संकोच वाटू लागला. आपला केर आपले गुरुजी काढतात याची लाज वाटून मुले हळूहळू आपली कामे आपण करू लागली. कोणी आजारी पडले तर उशाशी गुरुजी बसत. कोणाची फी अडली तर ती त्यांच्या पगारातून भरली जाई, त्यामुळे पगार त्यांच्या हाती राहत नसे.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोलते. केर काढणे, धुणे धुणे, आजाऱ्याची सेवा करणे ही कामे आपल्याकडे घरोघर बायका करतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी थोर म्हणत नाही. माझी आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते. तिच्या कामावर कोणी चरित्र लिहिणार नाही. मग गुरुजींनी तेच केले तर त्यात एवढे काय? प्रथम मला हा प्रश्न पडला होता आणि गुरुजींवर थोडा रागही आला होता. विचार केल्यावर असे वाटले की यातले नवल त्या कामात नसून ते कोणी कोणासाठी केले यात आहे. एम. ए. झालेला, उच्च जातीचा पुरुष शिक्षक आपल्याहून लहान मुलांचे कपडे धुतो, तेव्हा हे काम बायकांचे, हे काम अमक्या जातीचे, ही जी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते तिला तडा जातो. व्याख्यानाने तो गेला नसता. गुरुजींनी हे काम कुठून उचलले तेही उघड आहे. ते आईकडून उचलले. 'श्यामची आई' हे पुस्तक रडके आहे असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा या दृष्टीने वाचून पाहावे. त्यात आईची शिकवण आहे त्याहून जास्त आईचे काम आहे.

एवढ्यावर गुरुजी थांबले असते तर ते एक प्रेमळ शिक्षक म्हणून आसपासच्या चार गावांत आठवणीत राहिले असते. पण त्यांनी 'छात्रालय' नावाचे एक दैनिक सुरू केले. छापखान्यात जाणारे नव्हे, हस्तलिखित. एका वसतिगृहापुरते दैनिक आणि त्याचे संपादक, बातमीदार, लेखक, कवी, लेखनिक सारे एकच! देशात काय चालले आहे, जगात काय घडते आहे, कोणी थोर माणूस काय करून गेला, हे त्यात असे. कविता असत, गोष्टी असत आणि छात्रालयातल्या घडामोडीही असत. रोज लिहायचे म्हणजे काय हे ज्याने एकदा तरी भित्तिपत्रकाचे काम केले आहे त्याला कळेल. आपल्या महाविद्यालयातील भित्तिपत्रकाचा एकेक अंक काचेआड तीन-तीन महिने राहतो, इतका की त्यातली शाई उडून जाते. इथे एक माणूस दिवसभर शिकवून, मुलांची कामे करून, रोज नवा मजकूर हाताने लिहून काढीत होता. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले.

हाताने लिहिलेल्या दैनिकाचा एक गुण छापील पत्राला नसतो. लिहिणारा आणि वाचणारे एकाच छपराखाली राहतात. सकाळी लिहिलेले खोटे असेल तर संध्याकाळच्या पंगतीत ते उघडे पडते. गुरुजींनी स्वच्छतेवर लिहिले तर मुलांना ठाऊक असे की लिहिणाऱ्याने काल आपली खोली झाडली आहे. आधी हात आणि मागून शब्द, असा हा क्रम होता. संध्याकाळी प्रार्थनेनंतर ते मुलांना गोष्टी सांगत. रामायण-महाभारत, संतांची चरित्रे, देशोदेशींचे कवी आणि क्रांतिकारक हे सगळे त्या गोष्टींत येई. चारचौघांत बोलायला संकोचणारा हा माणूस गोष्ट सांगू लागला की रंगून जाई आणि ऐकणारा जागचा हलत नसे. पुढे महाराष्ट्रभर लोकांनी जी त्यांची भाषणे ऐकली, धबधब्यासारखी वाहणारी, मध्येच कंठ दाटून थांबणारी, त्यांची तालीम या संध्याकाळी झाली असे मी समजते. वक्तृत्वाचे त्यांनी कधी शिक्षण घेतले नाही. हातवारे, चढउतार, सुभाषितांची पेरणी यांतले काही त्यांच्याजवळ नव्हते.

या छात्रालयाविषयी एकच गोष्ट मला खटकते. तिथे मुली नव्हत्या. तो काळच तसा होता हे खरे. तरी आज वाचताना वाटत राहते की त्या दैनिकाच्या वाचकांत चार मुली असत्या तर गुरुजींनी काय लिहिले असते. उत्तर थोडेफार मिळते ते 'सुंदर पत्रे' या त्यांच्या उत्तरायुष्यातल्या पुस्तकात. आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेल्या या पत्रांत फुलापाखरांपासून राजकारणापर्यंत सारे काही आहे. मुलीच्या जातीला हे कशाला असा भाव त्यांत कुठेही नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सहा वर्षांचे छात्रालय संपले. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत स्वामी नावाचा शिक्षक आणि त्याची मुले आहेत, त्यांत अमळनेरच्या त्या दिवसांचे प्रतिबिंब पडलेले आहे. कादंबरी म्हणून ती पसरट आहे, पात्रे फार बोलतात. पण वसतिगृहात राहणाऱ्याने ती वाचावी, आपली माणसे भेटतात.

तुरुंग हे त्यांचे दुसरे छात्रालय झाले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे ते फिरले. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडचे राजबंदी सोबत होते. आपल्याच देशातल्या माणसांशी आपल्याला बोलता येत नाही याचे त्यांना दुःख झाले आणि ते तमिळ शिकू लागले. पुढे तमिळ 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठरा प्रवचने उतरवून घेतली गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे ते त्यांच्या या लिहिण्यामुळे. छात्रालयात रोज भरभर लिहिण्याची जी सवय लागली होती ती अशी उपयोगी पडली.

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ते पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. या पुस्तकाची मांडणी आपण कधी नीट पाहिली आहे का? आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मंडळी जमते आणि श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे लिहिलेले पुस्तक मुळात बोललेले आहे, अमळनेरची ती संध्याकाळच आहे. म्हणूनच खेड्यात, जिथे घरात एकालाच वाचता येते, तिथेही ते पुस्तक पोचले. एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आमच्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज आलेले पहिले पुस्तक हेच. शाळेत मला बक्षीस मिळाले होते, ते मी आईला वाचून दाखवले.

या पुस्तकातली एक रात्र मला फार महत्त्वाची वाटते. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडलेली असते, तिला ती उचलवत नाही आणि शिवाशिवीमुळे कोणी हात लावत नाही. आई श्यामला जाऊन मोळी उचलून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायला सांगते. लहानपणी हे वाचताना आईचा मोठेपणा जाणवला होता. आता वाचताना ती आंघोळ टोचते. दया आहे, पण विटाळही आहे. गुरुजींनी ती आंघोळ पुस्तकातून गाळली नाही. आपल्या आईला आजच्या काळाची करून दाखवली नाही. मात्र स्वतः ते तिथे थांबले नाहीत. नाशिकच्या तुरुंगात ही आठवण लिहिल्यानंतर चौदा वर्षांनी त्यांनी जे उपोषण केले ते त्या आंघोळीविरुद्धच होते असे म्हटले तर चूक होणार नाही.

मधल्या वर्षांतले खूप काही मी सोडून देते आहे. त्यांच्या 'पत्री' या काव्यसंग्रहाच्या प्रती सरकारने जप्त केल्या. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी ते खानदेशात गावोगाव हिंडले. हे अधिवेशन चित्रकार नंदलाल बोस यांनी सजवले होते. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले, शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे प्रश्न हाती घेतले. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि पुन्हा तुरुंगात गेले. या सर्व काळात राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांना ते आपले वाटत आले. सेवा दलाने गाणी, पोवाडे, नाट्यप्रवेश घेऊन गावोगाव जाणारे कलापथक उभे केले, त्यामागेही गुरुजींची प्रेरणा होती.

आता पंढरपूर. वारकरी पंथात सर्व जाती आहेत असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९४७ पर्यंत दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. ऊनपावसात चालत आलेला तो माणूस महाद्वाराबाहेर चोखोबांच्या समाधीपाशी थांबे आणि कळसाला हात जोडून परत जाई. गुरुजींनी ठरवले की हे मंदिर सर्वांना खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करायचे. १९४६ च्या कार्तिकी एकादशीचा मुहूर्त ठरला. सेनापती बापट आणि इतर मंडळींनी त्यांना थांबवले. आधी लोकांचे मन तयार करा, असे त्यांचे म्हणणे. गुरुजींनी ते मानले.

मग सुरू झाला महाराष्ट्राचा दौरा. सुमारे सहा महिने हा माणूस गावोगाव फिरला. बरोबर सेवा दलाचे तरुण आणि त्यांची गाणी. आधी गाणी व्हायची, लोक जमायचे, मग गुरुजी बोलायचे. आपल्या गावातल्या विहिरी, आपली देवळे यांविषयी ते बोलत. शिव्या देत नसत, कोणाला शत्रू ठरवत नसत. सवर्णांना ते त्यांच्याच संतांची आठवण करून देत आणि बोलता बोलता रडत. या रडण्याची आजही टिंगल होते. परंतु त्या सभांनंतर अनेक गावांतल्या विहिरी आणि देवळे दलितांना खुली झाली हे विसरता येत नाही. अर्थात ज्या विहिरी सभेच्या उत्साहात उघडल्या त्या सगळ्याच पुढे उघड्या राहिल्या असे मानण्याइतके भोळे आपण असू नये. गाव काय चीज असते हे खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तरी एकदा उघडलेले दार पुन्हा बंद करायला कोणाला तरी उघडपणे पुढे यावे लागते, हेही खरे.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींचे उपोषण सुरू झाले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, अनेकांना ही वेळ चुकीची वाटली. सनातनी मंडळी तर संतापलीच, पण खुद्द गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हते. ते सोडावे अशी तार त्यांच्याकडून आली. ज्या गांधीजींसाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्यांचा शब्द या एका प्रसंगी गुरुजींनी मानला नाही. हळवा माणूस हळवा असूनही किती हट्टी असू शकतो याचे हे उदाहरण आहे. अखेर दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले. बडव्यांशी बोलणी झाली, मंदिर खुले करण्याचे ठरले आणि दहा दिवसांनी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क मात्र त्यानंतर फार काळ कोर्टात चालत राहिले. ते संपुष्टात आले जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

या उपोषणाबद्दल एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवला होता. पाच वर्षे माणसांनी मार खाल्ला, दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मंदिरापेक्षा शिक्षण, नोकरी, राज्यसत्ता हा त्यांच्या अनुयायांचा मार्ग झाला होता. मग १९४७ साली देवळाचे दार उघडून कोणाला काय मिळाले? आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा एका मैत्रिणीने हा प्रश्न विचारला आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येईल असे नाही. मला एवढेच दिसते की गुरुजींचे उपोषण दलितांना काही देण्यासाठी नव्हते. ते सवर्णांपुढे होते. आपल्या घरातला केर आपण काढावा, तसे ते होते. ज्यांनी दार बंद केले त्यांच्यातलाच एक माणूस दारात उपाशी बसला. मात्र हे बाबासाहेबांच्या कार्याच्या जागी ठेवता येत नाही, आणि गुरुजींनी तसे कधी म्हटलेही नाही.

स्वातंत्र्य आले आणि साडेपाच महिन्यांत गांधीजींचा खून झाला. खून करणारा महाराष्ट्रातला होता. त्यानंतर महाराष्ट्रात घरे जळाली. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्यांनी 'कर्तव्य' नावाचे सायंदैनिक काढले, ते फार दिवस चालले नाही. मग १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू झाले. संपादक, लेखक, कवी पुन्हा बरेचसे एकटेच. छात्रालयाचे दैनिक आता महाराष्ट्राचे साप्ताहिक झाले होते. वाचकाला उपदेश करण्याऐवजी त्याच्याशी बोलायचे, एखादे फूल, एखादी नदी, एखादा कामगार यांवरही लिहायचे, ही रीत तीच होती.

'आंतरभारती' ही त्यांची शेवटची तळमळ. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली गाणी, नृत्ये, साहित्य आपलेसे करावे, त्यासाठी एक केंद्र असावे असे त्यांना वाटत होते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात रुजलेले हे बी. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली आणि तिच्यासाठी पैसे जमवायला निघाले. पंढरपूरच्या वेळी रस्त्यावर लोटणारी गर्दी या वेळी दिसली नाही. भाषावार प्रांतरचनेची हवा सुरू झालेली होती, लोकांना आपापल्या भाषेचा अभिमान हवा होता.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. वयाची पन्नास वर्षे पूर्ण होऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्यांनी असे का केले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वतंत्र देशाने केलेली निराशा, आतला एकटेपणा, थकवा अशी कारणे सांगतात. मी त्यात भर घालणार नाही. मला एवढेच वाटते की शेकडो मुलांच्या उशाशी जागलेल्या या माणसाच्या उशाशी त्या दिवसांत कोणी बसायला हवे होते.

'श्यामची आई' वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. 'साधना' गुरुजींच्या मागे सहकाऱ्यांनी चालवले आणि ते आजही पुण्याहून निघते. आपल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या मांडणीवर, स्पर्धा परीक्षांच्या मासिकांखाली, त्याचे अंक ठेवलेले असतात.